उलटी सावली

“पहिल्यांदा खटकली ती सावली,” मामा म्हणाले.

लाइट गेल्यामुळे सगळी भाचरं गच्चीवर जमली होती आणि मामांनी नेहमीप्रमाणे कुणी न विचारताच सुरुवात केली होती.

“सावलीला काय झालं?” धाकट्या भाचीने विचारलं.

“उलट्या बाजूला पडली होती. मधे बोलू नका, मी विसरतो.”

“थाप असली की माणूस विसरतोच.”

“जिला ती दिसली ती माझ्या मित्राची मुलगी आहे, तुझ्याहून थोडी मोठी. हवं तर आत्ता फोन लावून देतो, विचार तिलाच.”

फोन कुणी मागितला नाही.

साधं भांडं पडलं तरी ही मुलगी दचकायची, म्हणून घरी तिचं नावच पडलं दचकू. कॉलेजात भूगोल घेतला आणि काम मिळालं ते जुन्या दगडखाणी शोधण्याचं. गावाबाहेरून नवा रस्ता जायचा होता. पूर्वी लोकांनी तिथे दगड काढला आणि खड्डे तसेच सोडून दिले. पुढे कुणी ते कचऱ्याने भरले, कुणी वर माती लोटून शेत केलं. असा एखादा खड्डा नकाशावर यायचा राहिला, तर रस्ता त्यात खचणार. जोडीला तिचा दादा होता, त्याच कामावर.

खाण ओळखायच्या खुणा असतात. नांगरलेल्या शेतात मधेच झुडपांचं बेट उरलेलं असतं, कारण तिथे नांगर चालत नाही. पायवाट विनाकारण वळसा घेते. पण सगळ्यात स्वच्छ दिसतं ते ऊन उतरताना. तिरप्या उन्हात वीतभर खोल खळगासुद्धा सावली धरतो. खड्डा असेल तर त्याची सूर्याकडची कड काळी पडते, ढीग असेल तर सूर्याच्या विरुद्ध बाजूची.

डिसेंबरातला दुसरा शुक्रवार होता. दचकू बांधावर उभी, दादा शेताच्या पार त्या टोकाला, गाडीपाशी. शेताच्या मधोमध तिला एक काळी कोर दिसली. सूर्याच्या विरुद्ध बाजूला. म्हणजे ढीग. पण ढीग असेल तर उंचवटा दिसायला नको? जमीन तर पाटासारखी सपाट. तिला कसंसंच झालं. पण शिकलेली पोर, तिने डोळ्यांपेक्षा सावलीवर भरवसा ठेवला.

फोन लावून म्हणाली, “दादा, मधे नुसता ढीग आहे. खाणीतला टाकाऊ मुरूम असेल. वळसा नको घालूस, मधून ये.”

“नक्की ना? मागच्या वेळी गुरांच्या डबक्याला खाण म्हणाली होतीस.”

“ये ना रे. अंधार पडेल आता, मला भीती वाटते.”

“ती तर तुला स्वतःच्या शिंकेचीही वाटते. आलो.”

सूर्य बुडाला. पलीकडे बॅटरी पेटली आणि डुलत डुलत निघाली. दचकू तिच्यावर नजर लावून होती. बॅटरी मधोमध पोचली.

ढिगावर चढणाऱ्याचा उजेड वर जायला हवा.

हा खाली गेला. सावकाश. जिना उतरावा तसा.

आणि विझला.

“दादा…”

तिने फोन लावला. रिंग जात होती, तो उचलत नव्हता. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तेवढ्यात आईचा फोन आला.

“निघालात का गं? सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या. दे बघू त्याला.”

“तो… मागून येतोय, आई.”

यापुढे काय सांगणार? मीच त्याला मधून बोलावलं, असं?

ती बांधावरून उतरली. डोकं मात्र ठिकाणावर होतं. खाणीच्या तीन बाजू तुटलेल्या असल्या तरी एक बाजू उताराची ठेवावीच लागते, दगडाच्या गाड्या वर काढायला. ती बाजू सापडली की खाली जाता येईल. दादापर्यंत.

मोबाइलच्या उजेडात ढेकळं दिसत होती. सपाट. पायांना मात्र उतार लागला. डोळे म्हणत होते सपाट, पोटऱ्या म्हणत होत्या खाली.

ती खाली गेली.

हवा गार झाली. रातकिडे गप्प. मोबाइल मिणमिणला आणि मेला. तिने चाचपत हात बाजूला नेला… हाताला दगड लागला. उभी भिंत. नुकती फोडल्यासारखी, धारदार.

मामा थांबले. खाली रस्त्यावर एक कुत्रं उगाच केकाटून गेलं.

“त्या शेतात दगड नाही,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी मशीन लावून खणलं. खाली नुसती काळी माती. पण पोरीच्या उजव्या तळव्यावर दगडाची भुकटी बसली आहे, पांढरी. मी पाहिली आहे. साबणाने जाते. सकाळी उठली की पुन्हा असते.”

“आणि दादा?” धाकटीने पुढे सरकून विचारलं.

“सांगतो.”

भिंतीला धरून ती पुढे जात राहिली. आणखी खाली. हाका मारत.

“दादा… दादा रे…”

काही नाही.

“हवं तेवढं रागव. पण ओ दे…”

काही नाही.

घसा फाटला. आवाज फुटेना. तरी एकदा, सगळा जीव गोळा करून…

“दादा!”

आणि ओ आली.

“अगं, ओरडतेस काय? फोन गाडीवर राहिला म्हणून अर्ध्यातून परत गेलो होतो.”

दादाच. त्याचाच वैतागलेला आवाज.

पण समोरून नाही. खालूनही नाही.

वरून.

तिने मान वर केली. तीन मजले उंचावर, काळ्या कडेला लागून, त्याची बॅटरी डुलत होती.

“दिसत नाहीस गं कुठे. बोलत राहा, आवाजाच्या रोखाने येतो.”

आता एक शब्द निघाला, तर तोही याच खड्ड्यात उतरणार. दचकूने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.