पाठमोरी फाइल

ड्राइव्ह, म्हणजे कॉम्प्युटरची फोटो-व्हिडिओ साठवायची डबी, मंद झाला म्हणून आमच्या सर्व्हिस सेंटरला येणारी माणसं एकाच साच्यातली असतात. ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला, त्यात तेच तेच फोटो चार ठिकाणी ठेवलेले, आणि वर कंपनीच्या नावानं बोंब. बॅकअप आहे का विचारलं की आपण त्यांची जात काढल्यासारखे फणकारतात. मी त्यांच्याकडे बघत नाही, स्क्रीनकडे बघत बोलतो. काम लवकर उरकतं. "साहेब, इकडे बघा ना जरा," असं दिवसभर ऐकू येत असतं. मी भीक घालत नाही.

आमची खोली चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. समोर जाड काच, खाली हात जाईल एवढी फट, टेबलावर निळी रबरी चटई. एसीचं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत ठिबकत असतं. त्या फटीतून एक हात आत आला. बोटांना खडूची भुकटी लागलेली. मागोमाग मापाच्या टेपचं टोक काउंटरवर लोळलं, म्हणजे स्वारी टेप गळ्यात तशीच ठेवून आली होती. टेलर मास्तर.

"एकच व्हिडिओ अडकतो, साहेब. बाकी सगळं नीट चालतं."

"जुना असेल."

"जुनाच आहे."

ड्राइव्हमध्ये माहिती म्हणजे इवल्या इवल्या कप्प्यांत कोंडलेला विजेचा भार. बराच काळ कोणी हात लावला नाही की तो झिरपत जातो, मग ड्राइव्हला एकेक कप्पा पुन्हा पुन्हा वाचावा लागतो आणि वेग मरतो. आमच्या नव्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्राममध्ये, यावर इलाज आहे. ड्राइव्ह रिकामा बसला की तो जुनी माहिती आपणहून उचलतो आणि दुसऱ्या कप्प्यांत जशीच्या तशी नव्यानं लिहितो. कोणाला सांगावं लागत नाही. माझ्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्येही तेच फर्मवेअर आहे. घाई असेल तर हे काम ताबडतोब करायला लावणारं बटणही आमच्याकडे आहे.

"नव्यानं लिहिलं म्हणजे बदलणार नाही ना काही?" मास्तरनं विचारलं.

"उसवून पुन्हा शिवण्याचा धंदा तुमचा, मास्तर. इथं कणभर फरक पडत नाही."

नियमाप्रमाणे मी आधी त्या व्हिडिओची प्रत माझ्या कॉम्प्युटरवर काढली आणि चालवून पाहिली. शिलाईचं दुकान, पुढे टांगलेला हिरवा पडदा. मागे खिडकीशी स्टुलावर एक बाई पाठमोरी, मशीनवर वाकलेली. अंबाड्यातून सुटलेली बट मानेवर आलेली. कॅमेऱ्यामागून मास्तरचाच आवाज, "अगं, इकडे बघ जरा." ती वळत नाही. संपलं.

"गिऱ्हाइकाला पडद्याचा झोक दाखवायला काढला होता," काचेपलीकडून आवाज आला. "बायको चुकून आली त्यात. थोड्याच दिवसांनी गेली. हलतं-बोलतं असं तिचं एवढंच आहे माझ्याकडे."

गेलेलं माणूस प्रत्येकाच्याच ड्राइव्हमध्ये असतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, फर्मवेअर टाकलं, बटण दाबलं, व्हिडिओ झरझर चालू लागला. ड्राइव्ह फटीतून बाहेर ढकलला.

पुढच्या आठवड्यात तोच खडूचा हात पुन्हा आत आला.

"साहेब, तिनं मान वळवली."

मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही. लोक अकलेचे तारे तोडतात हे ठाऊक होतं, पण हा तारा नवीन होता. ड्राइव्ह जोडला, व्हिडिओ लावला.

"अगं, इकडे बघ जरा." बाईची मान हलली. कान दिसला, कानापुढची गालाची कड दिसली. तिथंच संपलं.

मी माझ्याकडची आधीची प्रत उघडली. तिच्यातही गालाची कड होती. दोन्ही फाइली जुळवून पाहणारा प्रोग्राम चालवला, त्यानं कणभरही फरक नाही असं सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी मागच्या वेळी हा व्हिडिओ माझ्याबरोबर पाहिला होता. त्या वाकून बघत राहिल्या.

"पाठमोरी होती ना ही?" त्या म्हणाल्या.

"आपण नीट बघितलं नसेल," मी म्हणालो. त्या खुर्ची लांब ओढून बसल्या.

"आणखी एकदा लिहा, साहेब," मास्तर म्हणाला. मग उगाचच सांगत सुटला. "ती बोलायला लागली की मी कापडातून मान वर काढत नसे. तिकडूनच हूं हूं करायचो. त्या दिवशी तिनं माझंच माझ्यावर उलटवलं. एकदा बघू दे मला तिला. रागानं का होईना."

खरं तर त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण हा वेडगळपणा एकदाचा खोटा पाडावा अशी खुमखुमी मला आली. मी बटण दाबलं, व्हिडिओ लावला आणि दोघांनाही दिसेल अशी स्क्रीन काचेकडे तिरकी केली.

बाई पूर्ण वळली.

चेहरा साधाच होता, ओठात टाचणी धरलेली. ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली.

"बघितलं," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "माझ्याकडे बघितलं हिनं. किती माया आहे बघा."

मला माया दिसली नाही. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची आहे. फारच खनपटीला बसलेल्या माणसाकडे मी शेवटी मान वर करतो, तेव्हा हीच नजर देतो.

मग तिनं ओठातली टाचणी काढून मशीनवरच्या कापडाला टोचली. स्टूल मागे सारलं. उठली, कॅमेऱ्याच्या दिशेनं चालत आली आणि बाजूनं निघून गेली. मागे रिकामं स्टूल आणि हलणारा पडदा.

"उठली," मास्तर म्हणाला. हात फटीतून आत आला आणि त्यानं ड्राइव्ह उपसून घेतला. "दुकानाला कुलूप लावून आलोय मी. ती बाहेर ताटकळत उभी राहील."

जिन्यावर पावलं धडधडत उतरली.

तक्रार बंद करायची तर गिऱ्हाइकाला फोन करून समाधान झालं का ते विचारावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. तो उचलला गेला. आत शिलाई मशीन चालू होतं.

"मास्तर, वेग ठीक आहे ना आता?"

पलीकडून नुसतं मशीन चालत राहिलं. मी फोन ठेवला आणि माझ्याकडची प्रत उघडली.

हिरवा पडदा. खिडकीशी स्टूल. स्टुलावर एक पुरुष, पाठमोरा, मशीनवर वाकलेला. गळ्यातल्या टेपचं टोक पाठीवर लोंबत होतं.

"अहो, इकडे बघा ना जरा." बाईचा आवाज, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून.

तो वळला नाही.

मी फाइल पुसायला गेलो. ती वापरात आहे, पुसता येणार नाही, असं उत्तर आलं. अजूनही तेच येतं. मॅडमनी टेबल बदलून घेतलं.

ड्राइव्ह रिकामा बसला की जुन्या फाइली नव्यानं लिहितो. म्हणून मी माझ्या ड्राइव्हला बसू देत नाही. काही ना काही कॉपी करायला लावून ठेवतो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन बघून जातो. तोही वळला, उठून निघून गेला, तर त्या स्टुलावर पुढे कोण बसेल याची मला भीती वाटते, हे सांगायला आता लाज वाटत नाही. मास्तर दोनदा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि मला त्याचे हात आठवतात, टेप आठवते, आवाज आठवतो. त्याचा चेहरा मी पाहिलेलाच नाही.

आज जेवायला गेलो तेवढ्यात कॉपी संपली होती. परत येऊन व्हिडिओ लावला.

त्याचा कान दिसू लागला आहे.