गायीच्या नावानं नेलेलं मलम

"मॅडम… गायीच्या कासंला चिरा पडल्यात. मलम असंल तर द्या की."

शहादेव मला पहिल्यांदा भेटला तो असा, घाटनांदूरच्या चारा छावणीत, चैत्रातल्या भर दुपारी. त्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला आणि आमच्या दूध संघानं माळावर छावणी उघडली. पशुसंवर्धनाचा डिप्लोमा केलेली मी, रतन, तिथं जनावरांचं औषधपाणी बघायला होते. तो युसूफ वडगावच्या एका बागायतदाराची सात जनावरं घेऊन आला होता. माझ्याच वयाचा, तेवीस-चोवीसचा. सडसडीत, सावळा, आणि त्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, वर जाकीट! डोळे मात्र असे, की डबी देताना झाकण माझ्याच हातात राहिलं.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर.

"आता काय झालं?"

"माशा लई बसत्यात तिच्यावर."

तिसऱ्या दिवशी गाय म्हणे उदास होती.

"उदास? तिनं सांगितलं व्हय तुमाला?"

"ऐकणारं असलं की जनावर बी बोलतंय, मॅडम," तो म्हणाला आणि खाली बघून हसला.

मी काही दूधखुळी नव्हते. त्याच्या यायच्या वेळी, चार वाजायच्या सुमाराला, माझी नजर आपोआप त्याच्या दावणीकडं जायला लागली. वेणी दोनदा घालायला लागले. शेजारच्या दावणीवर आपल्या दोन म्हशी घेऊन राहणारी बायनाबाई तर तोंडावरच म्हणाली, "डाक्टरीणबाई, त्याची गाय माझ्याहून धडधाकट हाय. दुखणं गायीला न्हाई, गड्याला हाय!" मी तिच्यावर डाफरले खरी, पण दिवसभर मनातल्या मनात हसत होते.

सहाव्या दिवशी मीच उठून गाय बघायला गेले. कास स्वच्छ. एक चीर नाही की ओरखडा नाही. आता याची चांगली फिरकी घ्यायची म्हणून वळले… तर शहादेव उसाच्या वाढ्यांचा भारा उचलता उचलता मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक, श्वास अडकलेला. मी धावले. जाकीट सैल करायला हात घातला, तशी त्यानं माझं मनगट धरलं.

"न्हाई… बटन नका काढू."

त्याच्या कॉलरमधून वास आला. माझ्याच मलमाचा.

बायनाबाईला मी पाणी आणायला पिटाळलं. मग तो बोलला, तुटक तुटक. "वडवणीला, आमच्या घरात मी पोरगी म्हणून जन्मलो, मॅडम. पण मी पोरगी न्हाई. कधीच नव्हतो." छातीवर तो रात्रंदिवस फडकं आवळून बांधत होता. उकाड्यानं त्याखाली जखमा झाल्या होत्या.

"मग दवाखान्यात का गेला न्हाई?"

"गेलतो एकदा. जुनं नाव मोठ्यानं पुकारलं. तपासायला एक आन् बघायला चौघं. तवापासून… न्हाई."

मी आता उठून जाईन याची वाट बघत तो मान खाली घालून बसला. मला मात्र संताप आला.

"म्हणून गायीचं मलम लावायचं? जखम चिघळली म्हंजी? अक्कल हाय का न्हाई?"

तो बघतच राहिला. आणि माझ्या तोंडून दुसरं दुखणंही बाहेर पडलं. "आन् मी येडी… मला वाटलं, तुमी माझ्यासाठी येता."

त्यानं सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं. मग हळूच म्हणाला, "एक डबी आठवडाभर पुरती, मॅडम. मी तर रोज आलतो."

माझं त्याच्यावर प्रेम बसलं होतं, आणि आत्ता जे ऐकलं त्यानं ते तसूभरही कमी झालं नव्हतं. पण प्रेमाला थांबता येतं, जखमेला नाही.

आधी मी एकटीच अंबाजोगाईला गेले. तिथं एक डॉक्टर बाई दर गुरुवारी दुपारी तरुण मुलामुलींना त्यांची गुपितं राखून तपासतात, असं ऐकलं होतं. शहादेवचं नाव न सांगता त्यांना सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, "ते सांगतील तेच नाव केसपेपरवर लिहू. आत मी एकटीच असेन. विचारल्याशिवाय हात लावणार नाही." परत येऊन मी त्याला शब्द न् शब्द सांगितला. त्यावर दोन दिवस तो माझ्याकडं फिरकलाच नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

गुरुवारी सकाळी मात्र जनावरं बायनाबाईच्या हवाली करून, धुतलेला सदरा घालून तो माझ्यापुढं उभा. "यष्टी कितीची हाय?"

"या शहादेव, बसा," डॉक्टर बाई म्हणाल्या. एवढंच. पण त्याचे खांदे खाली आलेले मी बघितले. त्यांनी शांतपणे विचारलं, ऐकून घेतलं. "जखम भरेपर्यंत काही बांधायचं नाही. झोपताना तर कधीच नाही. नंतर काय घालायचं, किती तास, ते मी सांगते. आणि पुढं काही बदल हवे असले तर त्याचीही वाट आहे. घाई नाही." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आता तपासायचंय. या बाहेर थांबल्या तर चालेल का, शहादेव?"

मी पिशवी उचलली. पाय निघत नव्हता, पण उठले. दारापर्यंत पोचले.

"थांब, रतन."

आजवर मी मॅडम होते… मी वळले.

"नातेवाईक का?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"न्हाई." त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज स्थिर होता. "आवडती मला. लई."

डॉक्टर बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी फक्त एक खुर्ची माझ्याकडं सरकवली. मी ती खिडकीकडं तोंड करून ठेवली, बसले आणि हात मागं केला. त्याची गार, घामेजलेली बोटं माझ्या बोटांत आली.

"हं," डॉक्टर बाई म्हणाल्या, "आता खोल श्वास घ्या."

आम्ही दोघांनीही घेतला.