कचऱ्याला रजया कशाला?

"कचऱ्याला कुणी रजयांत गुंडाळतं का?" चिनात्सु फणफणली.

ओगी बंदराच्या धक्क्यावर ती, शुन आणि छोटा इसामु टेम्पोत डोकावत होती. जुन्या वस्तूंचा व्यापारी मुरोता बोटीचं तिकीट काढायला गेला होता. आत होती तोकुझोआजोबांची लोखंडी पट्ट्यांनी मढवलेली जहाजपेटी! त्यांचे पणजोबा जहाजावर तांडेल होते. तिच्यात ते जहाजाची कागदपत्रं ठेवत; ती अजूनही आतच होती.

"सकाळी तर म्हणाला, नक्कल आहे, फुकट उचलून नेतो!" शुन म्हणाला.

"आणि आमचे बाबा म्हणे, बरं झालं, कचरागाडीची कटकट वाचली! आजोबा जेवलेसुद्धा नाहीत!" चिनात्सु म्हणाली.

इसामु म्हणाला, "पण खरी जहाजपेटी बुडत नाही ना? जहाज फुटलं तरी तरंगते. आजोबाच सांगतात."

चिनात्सुचे डोळे चमकले. "शुन, पळ! आजोबांना आण. बाबांनाही!"

आजोबा आणि बाबा आले तोवर पेटी रजयांतून सुटून धक्क्याच्या कडेला आली होती. मागून मुरोता धावत आला.

"ए कार्ट्यांनो! हात लावू नका!"

"का? नक्कल आहे ना?"

"आहेच! भंगार आहे!"

"मग बुडाली तर तुमचं काय जातं? आजोबा, ढकलू?"

"चिनात्सु, वेडी झालीस का?" बाबा ओरडले.

आजोबांनी मुरोताच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "ढकल," ते म्हणाले.

धबाक!

"गाढवांनो!" मुरोता किंचाळला. "दीडशे वर्षांची अस्सल पेटी आहे ती! लोखंड गंजेल!"

मग त्याने तोंडावर हात दाबला. पण सगळ्या धक्क्याने ऐकलं होतं.

पेटी एकदा खाली गेली, वर आली आणि ऐटीत तरंगू लागली! शुनने गोल लाकडी टबहोडीतून जाऊन तिला दोर बांधला. वर ओढून उघडली, तर आतले कागद कोरडे ठणठणीत!

"लाज नाही वाटत म्हाताऱ्या माणसाला फसवायला?" चिनात्सुचा राग अजून उतरला नव्हता. "तुमच्या रजया तेवढ्या घेऊन जा!"

मुरोता रजया कवटाळून निघाला. बाबांनी आजोबांपुढे कमरेत वाकून माफी मागितली. "चुकलो. मी पेटीकडे धड पाहिलंही नाही."

"मी तर जन्मभर पाहिली," आजोबा गळ्यातल्या पंच्याने लोखंड पुसत म्हणाले, "आणि परक्याच्या एका शब्दावर तिला कचरा समजलो! शाब्बास रे पोरांनो!"

त्यांनी पेटीची जड किल्ली चिनात्सुच्या हातावर ठेवली.

"ही आता तुझ्याकडे. आणि चला घरी, मला सपाटून भूक लागलीय!"