आता शिट्टी होणार हं

कोल्हापूरच्या त्या श्रवणोपचार प्रयोगशाळेत चपला बाहेर काढाव्या लागत. जमिनीवर जाड गालिचा, भिंतींवर स्पंज, खुर्च्यांच्या पायांना चक्क लोकरीचे मोजे. देवळातसुद्धा एवढी शांतता नसते, असं उत्तरा पाटणकरला पहिल्या दिवशी वाटलं होतं. आज तीच शांतता तिला नकोशी झाली होती. काचेपलीकडे तिची सहा वर्षांची शालू चित्र रंगवत बसली होती, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. निगुडकर पुन्हा पुन्हा तेच कागद चाळत होत्या.

"मॅडम, काय असेल ते सांगून टाका," उत्तरा म्हणाली. "जीव टांगणीला लागलाय माझा."

शालूला आवाज सोसत नसे. सोसत नसे म्हणजे काय, तर मिक्सर लागला की पोर कान दाबून पलंगाखाली शिरायची आणि कुकरची शिट्टी झाली की स्वतःचे केस उपटायची. तिच्या तोंडून एक शब्द कधी फुटला नव्हता. नातेवाइकांनी सल्ले देऊन देऊन उत्तराचं डोकं खाल्लं होतं. मदतीला मात्र एकजण येईल तर शपथ. घरात या दोघीच. शेवटी उत्तराने आपला आपण एक उपाय शोधला. कुठलाही कर्कश आवाज व्हायच्या आधी ती शालूजवळ जाऊन बसायची, तिच्या कानांवर तळवे ठेवायची आणि हळूच सांगायची, "आता शिट्टी होणार हं. घाबरू नको." मिक्सर असो, शेजारचं ड्रिल असो, गल्लीतला ढोल असो, आधी आईचा आवाज यायचा. एकदाही चुकली नाही बिचारी.

मग ही ध्वनिगाळणी आली. डोक्याला बांधायचा एक मऊ पट्टा. तो मेंदूतल्या भीतीच्या लहरी वाचायचा आणि ज्या आवाजाने त्रास होतो तो आवाज आत जाऊ द्यायचा नाही. पुढे पुढे मेंदू स्वतःच तो आवाज गाळायला शिकायचा, म्हणजे पट्ट्याची गरजच संपली. आणि गुण आला हो! कुकर शिट्ट्या मारतोय आणि पोर खुशाल रंगवतेय. मग एक दिवस ती "पाणी" म्हणाली, आणि बघता बघता वाक्यंच्या वाक्यं बोलायला लागली. उत्तराने गल्लीभर पेढे वाटले. फक्त हाक मारली तर शालू वळून बघत नव्हती. रंगवण्यात गढली असेल, असं म्हणून उत्तराने ते बरेच दिवस मनावर घेतलं नाही. शेवटी आज ती तिला तपासायला इथे घेऊन आली होती.

डॉ. निगुडकरांनी माईक तोंडाजवळ घेतला. "शालू!"

शालूने लगेच मान वर केली आणि हसली.

"आता तुम्ही." त्यांनी माईक उत्तरापुढे धरला.

"शालू," उत्तराने हाक मारली. शालूचा ब्रश चालूच राहिला. "शालू, बाळा, इकडे बघ ना गं!"

शालूने ब्रश पाण्यात बुडवला आणि हिरवा रंग घेतला.

डॉक्टर सहकाऱ्याकडे वळल्या. गाळणीची सगळी रचना याच सलीम मुजावरने केली होती. "सलीम, गाळणी आवाज किती मोठा आहे त्यावरून ठरवत नाही ना?"

"नाही मॅडम. नुसता मोठा आवाज गाळला तर पोर त्याची वाट बघत घाबरलेलंच राहतं. म्हणून तर आपण गाळणीला मागे जायला शिकवलं. भीती चढायला लागली की त्याच्या आधी कुठला आवाज आला होता, ते ती शोधते. मागे एका मुलासाठी तिने मिक्सरच्या बटणाचा खटका गाळला होता. तो मूळध्वनी. तो गेला की पुढची भीतीची साखळी सुरूच होत नाही."

"आणि शालूचा मूळध्वनी?"

सलीमला उत्तराकडे बघवेना. "सगळ्या भीतींच्या आधी एकच आवाज सापडतो, मॅडम. दर वेळी तोच. ताईंचा."

"अहो, पण मी तिला धीर द्यायची!" उत्तरा जवळजवळ ओरडलीच.

"धीरच देत होता, ताई. गाळणीला धीर कळत नाही. आधी काय आणि नंतर काय, एवढंच कळतं."

"आम्ही हे तपासायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "चूक आमची आहे."

"चूक राहू दे! परत शिकवा तिला माझा आवाज."

"शिकवायचा तर आधी तो तिला ऐकू यायला हवा. पट्टा तर आपण कधीच काढलाय. आता तिचा मेंदूच तो आत घेत नाही."

सलीमने धडपड केली. उत्तराचा आवाज यंत्रातून पार बदलून त्याने स्पीकरवर लावला. तो शालूला ऐकू आला. तिने ब्रश खाली ठेवला, सगळ्या खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "ही बाई कोण?"

उत्तराला तिथेच रडू कोसळलं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने सवयीने कुकर लावला आणि ओट्याला टेकून खाली बसली. पोट तर भरायला हवंच ना. शालू येऊन तिच्यासमोर बसली.

"आई, तू बोलत का नाहीस? नुसतं तोंड हलवतेस."

"बोलतेय गं राणी. बोलतेच आहे मी," उत्तरा म्हणाली.

शालूने थोडा वेळ वाट पाहिली. मग समजूतदारपणे मान हलवली. "मी पण नव्हते बोलत. मला खूप भीती वाटायची."

कुकर फुसफुसायला लागला. शालू पटकन पुढे सरकली. हिरव्या रंगाने माखलेले दोन्ही तळवे तिने आईच्या कानांवर घट्ट ठेवले.

"आता शिट्टी होणार हं," ती हळूच म्हणाली. "घाबरू नको."

शिट्टी झाली.

"नाही घाबरत, बाळा," उत्तरा म्हणाली. शालू तिच्या ओठांकडे बघत, आई कधी बोलेल याची वाट पाहत राहिली.