तिचा रस्ता

नणंदेला बाळ झालं होतं, ते बघायला आम्ही दोघं दुपारी गाडीने निघालो. हे रस्त्यांचे इंजिनियर. समुद्राकाठचा हा लांबलचक रस्ता तर यांचा जीव की प्राण. आधी ही कोळ्यांची पायवाट होती, मग बैलगाड्या आल्या, बंदर झालं तेव्हा खडी पडली, नंतर डांबर... सगळं तोंडपाठ. ऐकायला मला आवडलंही असतं. पण दर वळणावर यांची पहिली बायको भेटायची. इथे तिला मळमळायचं, त्या कठड्यावर ती बसायची. जिवंत असती तर कडाकडा भांडले असते. मेलेल्या सवतीचं काय करायचं?

ती गेली ती याच रस्त्यावर, कड्याजवळच्या वळणाला. पुढे तो कडा खचायला लागला, म्हणून नवा रस्ता डोंगराआडून काढला. फाटा आला, तशी यांनी गाडी जुन्या रस्त्याला घातली.

"अहो, इकडून कुठे?"

"सवय..." एवढंच म्हणाले.

समुद्रावरून धुकं चढत होतं. भर दुपारी दिवे लावावे लागले. ओल्या खडकांचा, कुजक्या शेवाळाचा वास आत शिरला. त्या वळणाशी यांनी गाडी उभी केली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "जरा मागे बसतेस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी नाही उठणार. ही जागा माझी आहे."

यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. मग मागचं दार उघडलं... आणि लागलं. गाडी किंचित दबली.

वारा असेल, म्हटलं. मान मात्र वळवली नाही.

गाडी निघाली. यांनी आरसा जरासा फिरवला आणि पुन्हा सांगायला लागले. "पुढचा पूल मोठ्या वादळानंतर बांधला..." मध्येच थांबले, कान देऊन ऐकलं, आणि हसले. माझ्याशी कधी हसले नाहीत तसे. "बरोबर. वादळाच्या आधीच. चुकलोच मी."

मी अवाक्षर काढलं नव्हतं.

खरं सांगू? भीतीपेक्षा ते हसणंच जास्त झोंबलं. मी यांचा गिअरवरचा हात घट्ट धरला. तोच अंबाड्याखाली, मानेवर, एक गार बोट टेकलं... थोरल्या जावेने दटावावं तसं.

मी हात सोडला.

नणंदेच्या दारात उतरले तेव्हा मागची सीट रिकामीच होती. वाटेतलं काही आठवत नाही, म्हणाले हे.

त्यानंतर त्या रस्त्याला आम्ही गेलो नाही. पण परवा चहा पिता पिता हे सहज म्हणाले, "गाडी बदलू या. तिघांना ही लहान पडते."

आमच्या घरात आम्ही दोघंच राहतो.