राणीसाठी घडवलेलं पाणी

राजवाड्याच्या मागच्या बागेतलं कारंजं पुन्हा चालू करायचं ठरलं, तेव्हा ते काम बाईंकडे आलं. जुन्या दगडा-धातूच्या कामांची डागडुजी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आई गेल्यापासून घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून दिवस कलेपर्यंत त्या कोरड्या हौदातच घासत बसत.

कारंजं दिसायला साधं होतं. ना सिंहाची तोंडं, ना पऱ्या. मधोमध दगडी देठ आणि त्याच्याभोवती तांब्याची पानं. काही कागदासारखी पातळ, काही बोटभर जाड. एकाचा बाक दुसऱ्यासारखा नव्हता.

“परमुलखातली राणी होती म्हणे,” बागेतल्या माळ्याने सांगितलं. “तिची भाषा इथे कोणाला येईना. राजाने कारागिराला सांगितलं, हिला सोबत होईल असं काहीतरी कर.”

“मग?”

“मग त्याने हे केलं. राणी गेल्यावर बंद केलं.”

“बिघडलं होतं का?”

माळ्याने कात्री धोतराला पुसली. “नाही. बंद केलं.”

पानांवरचा चुन्याचा थर निघाला, तोट्या मोकळ्या झाल्या आणि एका सकाळी बाईंनी पाणी सोडलं. खळखळ नव्हतीच. होती ती कुजबुज. तापात पडून राहावं आणि आपली झोप मोडू नये म्हणून घरची माणसं शेजारच्या खोलीत हळू आवाजात बोलत असावीत, तशी. शब्द एकही कळत नव्हता, पण बाईंना भरून आलं.

मग त्यांनी स्वतःलाच दटावलं. पातळ पानावर बारीक धार पडली की वरचा सूर, जाडावर खालचा. कारागिराचं डोकं, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी त्या हत्यारांची पेटी घेऊन हौदाच्या कठड्याशी पोचल्या आणि कुजबुज थांबली. धारा पडतच होत्या, आवाज तेवढा नव्हता. आपलाच विषय चाललेल्या खोलीत आपण पाऊल टाकावं, तसं झालं. त्या मागे सरकल्या. बोलणं पुन्हा सुरू झालं.

“तुम्हाला यात काय ऐकू येतं हो?” त्यांनी माळ्याला विचारलं.

“पाणी,” तो लगेच म्हणाला. “तुम्हाला?”

“पाणीच.”

त्यानंतर माळी भिंतीपलीकडच्या वाफ्यांत काम करू लागला.

हळूहळू पानं बाईंना बुजेनाशी झाली. त्या डबाही कठड्यावर बसूनच खाऊ लागल्या. एकदा इतक्या जवळ हसणं फुटलं, की विनोद न कळताच त्याही हसल्या. काम खरं तर संपलं होतं. कचेरीत मात्र त्या सांगत, “अजून थोडं राहिलंय.”

कधी एखादा सूर शेवटी वर चढायचा, प्रश्न विचारल्यासारखा. मग सगळी पानं थबकायची. थोड्या वेळाने, जाऊ दे म्हटल्यासारखी, पुन्हा आपसात बोलू लागायची.

त्या दुपारी ऊन लख्ख होतं. सूर वर चढला. पानं थबकली.

पण या वेळी कोणी ‘जाऊ दे’ म्हटलं नाही.

पाणी मुकाट पडत राहिलं. बाईंचा घास हातातच राहिला. आपल्या उत्तरासाठी कोणी असं खोळंबून राहिल्याला किती काळ लोटला होता!

“हो,” त्या म्हणाल्या. “येते ना.”

सगळी पानं एकदम बोलू लागली. लगबगीने, आनंदाने, सरकून जागा करून दिल्यासारखी.

मग आवाज विरला. उरलं ते साधं, खळखळणारं पाणी. बाई संध्याकाळपर्यंत थांबल्या. पुन्हा काही ऐकू आलं नाही. हिरमुसल्या मनाने त्यांनी काम संपल्याचं कळवलं आणि घर गाठलं.

घरात शिरल्यावर कोणाशीतरी बोलावंसं वाटलं. आपणहून कधी फोन न करणाऱ्या बाईंनी दूरच्या शहरातल्या धाकट्या भावाला फोन लावला आणि राणीपासून पानांपर्यंत सगळं मनापासून सांगायला घेतलं.

“ताई?” भाऊ मध्येच म्हणाला. “बोल ना.”

“अरे, मघापासून बोलतेच आहे!”

“ताई, आधी तो नळ बंद कर बघू. नुसतं पाणी ऐकू येतंय.”

बाईंनी वळून पाहिलं. मोरी कोरडी ठणठणीत होती.

“नळ कुठे चालू आहे रे?”

“आता तर आणखीच जोरात!” भाऊ हसला. “आणि मागे कुजबुजही ऐकू येतेय. माणसं बरीच जमलेली दिसतायत तुझ्याकडे. बरं झालं. मला आपलं वाटायचं, तू एकटीच असतेस.”