पाच पायांचा भुंगेरा

"मावशी, याला माझंच नाव दे ना! शाळेत कसला भाव खाईन मी!" ढब्बू टेबलाभोवती नाचत म्हणाला.

"आधी गप्प बस!" भिंगरीने धाकट्या भावाला दटावलं. सुट्टीत दोघं मावशीच्या संग्रहालयात पडीक असायची. चार वर्षं खपून मावशीने हा नवा भुंगेरा शोधला होता, अन् आज पाचच्या आत तिचा लेख छापायला जायचा होता. भुंगेऱ्याचं नाव दोन शब्दांचं. पहिला शब्द गटाचा, आडनावासारखा. दुसऱ्याची जागा अजून कोरीच होती.

मावशीने कपाटाचं कुलूप काढून लाल चिठ्ठीची डबी उघडली. "नाव याच एका नमुन्यावर टेकलेलं असतं बरं! हा हरवला तर लेख परत!"

भिंगरीने सवयीने भिंग डोळ्याला लावलं. "मावशी, तुझ्या चित्रात पाच पाय आहेत. याला तर सहा!"

"अगं बाई! माझ्या नमुन्याचा एक पाय तुटलेला होता. हा दुसराच आहे!" मावशीने डबी उलटसुलट करून पाहिली. "कपाटाची दुसरी किल्ली फक्त संग्रहालयाच्या नव्या साहेबांकडे असते. पण विचारलं तर ते कानांवर हात ठेवतील."

"विचारायचंच नाही मुळी! ढब्ब्या, चल, कौतुक करायला!"

साहेब खोलीत टाय सारखा करत होते.

"साहेब, लाल चिठ्ठीचा भुंगेरा काय झकास दिसतोय!" भिंगरी म्हणाली. "मावशीची कमाल आहे!"

"मावशीची? छे!" साहेब फुगले. "उद्या पाहुणे येणार, अन् तिथे ते लंगडं ध्यान! मीच बदललं!"

"वा! मग ते ध्यान कुठंय?" ढब्बूने साळसूदपणे विचारलं.

"मोडक्यांच्या खोक्यात. शिपाई आत्ताच टाकायला..." साहेबांनी जीभ चावली.

दोघं धूम पळाली! मागच्या दारी शिपाईकाका खोकं कचऱ्यात उलटं करणार, तेवढ्यात ढब्बू त्यांच्या हातालाच लोंबकळला. "काका, थांबा!"

खोक्यात तीन लंगडे भुंगेरे! भिंगरीने चित्र उलगडलं, भिंग लावलं. पहिल्याचा पुढचा पाय नव्हता, दुसऱ्याचा उजवा. तिसऱ्याचा मात्र चित्रातल्यासारखाच डावा मागचा! "हाच तो!"

"चुकलं माझं," मागोमाग आलेले साहेब खाली मान घालून म्हणाले. "शाबास, पोरांनो! आज संग्रहालयाची अब्रू राखलीत!"

भुंगेरा टेबलावर परत येताच मावशीने दोघांना पोटाशी धरलं, मग कोऱ्या जागी दुसरा शब्द लिहिला. भिंगरीने तो भिंग लावून पुन्हा पुन्हा वाचला. तिचंच नाव होतं ते!

"आणि मी?" ढब्बूचं तोंड फुगलं.

"तुझ्यासाठी एक गुबगुबीत अळी राखून ठेवलीय."

"चालेल!" ढब्बूने टुणकन उडी मारली. "पण तिचे पाय आत्ताच मोजून ठेव!"